दाण्याच्या पिठाची किंमत

जळगावच्या दाणा बाजारातील एखाद्या व्यापाऱ्याला कोणी जाऊन सांगितले की, शेंगदाण्याचे पीठ अमेरिकेत औषध म्हणून विक्रीस आले आणि त्याची छापील किंमत महिन्याला ८९० डॉलर होती, तर तो सांगणाऱ्याच्या तोंडाकडे क्षणभर पाहील आणि मग भाव पुन्हा एकदा विचारून घेईल. परंतु ही थट्टा नव्हे. ३१ जानेवारी २०२० रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘पालफोर्झिया’ नावाच्या औषधाला मान्यता दिली. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या चार ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी ते होते. कॅप्सूल उघडावयाची, आतील पूड दह्यात वा लापशीत मिसळावयाची आणि ती रोज न चुकता मुलाला द्यावयाची, अशी त्याची रीत. या पुडीतील गुणकारी द्रव्य म्हणजे बरेचसे तेल काढून घेतलेल्या दाण्याचे पीठ.

पाणी इतके उपयुक्त असूनही स्वस्त का आणि हिरा इतका निरुपयोगी असूनही महाग का, हा ॲडम स्मिथचा प्रश्न वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला शिकविला जातो. दाण्याचे पीठ हे त्याहून चमत्कारिक उदाहरण ठरावे, कारण येथे एकच वस्तू एका दुकानात पाणी आहे आणि दुसऱ्या दुकानात हिरा. हा फरक पिठाचा नाही, हे उघड आहे. मग तो कशाचा? या प्रश्नाचे उत्तर शोधू गेले म्हणजे अन्नाच्या ॲलर्जीवरील उपचार अधिक निर्धोक कसे करावयाचे, या प्रश्नाचेही बरेचसे उत्तर हाती लागते. तो प्रश्न खानदेशाला परका नाही. जेथे भरतात दाणे, ठेच्यात दाणे, उपवासाच्या खिचडीत दाण्याचे कूट आणि प्रवासाच्या डब्यात दाण्याची चटणी, तेथे एखाद्या मुलाला दाणा वर्ज्य होणे म्हणजे त्याने घरात राहूनही पंक्तीबाहेर बसणे होय.

ॲलर्जी हा शब्द १९०६ साली व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने रूढ केला. शरीराची संरक्षक यंत्रणा एखाद्या निरुपद्रवी पदार्थाला शत्रू समजते आणि त्याच्याविरुद्ध विशिष्ट प्रकारची प्रतिपिंडे तयार करून ठेवते. पुढे तो पदार्थ पोटात गेला की ही यंत्रणा एकाएकी उसळते. कोणाच्या अंगावर पित्तासारख्या गांधी उठून तेवढ्यावर भागते, तर कोणाचा घसा सुजतो, श्वास कोंडतो, रक्तदाब कोसळतो आणि काही मिनिटांत जिवावर बेतते. या शेवटच्या अवस्थेस ॲनाफिलॅक्सिस म्हणतात.

यावर उपाय म्हणून शत्रू समजलेल्या पदार्थाशीच शरीराची हळूहळू ओळख करून द्यावी, ही कल्पना नवी नाही. १९०८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आल्फ्रेड स्कोफिल्ड यांनी अंड्याने विषबाधेसारखा त्रास होणाऱ्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली होती. अंड्याचा अत्यल्प अंश असलेल्या गोळ्या देत देत, मात्रा वाढवीत वाढवीत, त्यांनी त्याला अंडे खाण्याइतका सरावून दिला. त्यानंतर तीनच वर्षांनी लिओनार्ड नून यांनी गवताच्या परागकणांची टोचणी देऊन तोच मार्ग दुसऱ्या आजारासाठी चोखाळला. परागकणांच्या बाबतीत ही पद्धत रुळली. अन्नाच्या बाबतीत मात्र ती शंभर वर्षे अडखळत राहिली, आणि ते का, हे समजण्यास अमेरिकेतील एक दुःखद प्रसंग पुरेसा आहे. १९९२ साली शेंगदाण्याच्या अर्काच्या टोचणीची एक चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात तुलनेसाठी ज्यांना औषधाविना नुसते पाणी टोचावयाचे होते, त्यांपैकी एका रुग्णाला औषध सिद्ध करताना झालेल्या चुकीमुळे दाण्याचा अर्क टोचला गेला आणि तो दगावला. चाचणी थांबली. अर्क जे काम करतो म्हणून सांगितले जात होते, ते तो करीत होता. चूक झाली ती बाटली भरण्यात.

तेव्हापासून या क्षेत्रातील सारी धडपड एका अर्थाने मोजमापाची आहे. टोचणीऐवजी तोंडावाटे, मोठ्या मात्रेऐवजी मिलिग्रॅमच्या अंशाने, आणि घरी नव्हे तर दवाखान्यात डॉक्टरांच्या नजरेसमोर प्रत्येक वाढीव मात्रा द्यावयाची, असा क्रम बसला. पालफोर्झियाची सुरुवात अर्ध्या मिलिग्रॅमपासून होई आणि दर दोन आठवड्यांनी एक पायरी चढत ती ३०० मिलिग्रॅम प्रथिनापर्यंत, म्हणजे सुमारे एका दाण्यापर्यंत पोहोचे. पाच-सहा महिन्यांच्या तपश्चर्येचे फळ एक दाणा! मुलाने पुढे दाणे मनसोक्त खावेत, हा त्यामागील हेतूच नव्हता. चुकून पोटात गेलेला एखादा दाणा त्याच्या जिवावर उठू नये, एवढेच मागणे होते.

ते मागणे बऱ्याच प्रमाणात पुरे झाले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ४९६ मुलांच्या चाचणीत औषध घेणाऱ्यांपैकी ६७ टक्के मुलांनी वर्षअखेरीस ६०० मिलिग्रॅम प्रथिन पचविले; न घेणाऱ्यांपैकी फक्त ४ टक्क्यांना ते साधले. मात्र त्याच चाचणीतील दुसरा आकडा विसरून चालणार नाही. औषध घेणाऱ्यांपैकी १४ टक्के मुलांना उपचाराच्या काळात ॲड्रेनलिनचे इंजेक्शन द्यावे लागले. न घेणाऱ्यांत हे प्रमाण ६.५ टक्के होते. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’नेच अशा बारा चाचण्यांचा एकत्रित हिशेब छापला. त्यातील १०४१ रुग्णांत, पदार्थ नुसता टाळणाऱ्यांपेक्षा उपचार घेणाऱ्यांना ॲनाफिलॅक्सिस सुमारे तिपटीने अधिक झाल्याचे दिसले. अपघात टाळण्यासाठी घेतलेल्या औषधानेच अपघात वाढावेत, हे कोडे आहे. दवाखान्यात परीक्षेच्या दिवशी मूल उत्तीर्ण होते, आणि घरी ताप आलेला असताना, धावून आल्यावर किंवा रिकाम्या पोटी तीच रोजची मात्रा त्याला बाधते. मात्रा थांबविली, तर कमावलेली सहनशक्ती बहुतेकांच्या बाबतीत वर्षभरात ओसरते, असेही आढळले आहे.

अधिक निर्धोक मार्गांचा शोध येथून सुरू होतो. जिभेखाली थेंब ठेवावयाचे, पाठीवर पट्टी चिकटवावयाची, अशा पद्धतींत मात्रा अत्यल्प असते. धोका घटतो आणि लाभही बेताचाच पदरी पडतो. ओमॅलिझुमॅब हे इंजेक्शन उपद्रवी प्रतिपिंडांनाच बांधून ठेवते. अन्नाच्या ॲलर्जीसाठी त्यास अमेरिकेत फेब्रुवारी २०२४ मध्ये मान्यता मिळाली. मात्र ते दर दोन ते चार आठवड्यांनी घेत राहावे लागते आणि त्याचा खर्च मध्यमवर्गीयाच्या आवाक्यातील नाही. सर्वांत आशादायक बाब वयाची दिसते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत एक ते तीन वर्षांच्या बालकांना दाण्याचे पीठ देऊन नंतर ते सहा महिने बंद ठेवले, तरी २१ टक्के बालकांची सहनशक्ती टिकून राहिली. उपचार न घेणाऱ्यांत ती २ टक्क्यांनाच लाभली होती.

याच्याही मागे जावयाचे, तर उपचाराची वेळच येऊ न देण्याचा मार्ग आहे. लंडनच्या गिडिऑन लॅक यांच्या गटाला २००८ मध्ये दिसून आले की, ब्रिटनमधील ज्यू मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी १.८५ टक्के आहे, तर इस्राएलमध्ये ती अवघी ०.१७ टक्के. इस्राएलमधील आया दात येण्याच्या वयातच मुलांच्या हाती दाण्याचा कुरकुरीत खाऊ देत होत्या. ब्रिटनमधील आया डॉक्टरांच्या सल्ल्यावरून तो टाळत होत्या. पुढे ६४० तान्ह्या मुलांवर रीतसर चाचणी झाली. २०१५ मध्ये तिचा निष्कर्ष आला. दाणा टाळणाऱ्यांत पाचव्या वर्षी सुमारे १७ टक्के मुलांना ॲलर्जी होती, लहानपणापासून खाणाऱ्यांत सुमारे ३ टक्के. पाश्चात्त्य तज्ज्ञांनी अनेक वर्षे दिलेला सल्ला नेमका उलटा होता, हे त्यांना कबूल करावे लागले. वरणभातात कूट कालवून नातवाला भरविणाऱ्या आजीला हे ऐकून आश्चर्य वाटणार नाही. (सबंध दाणा मात्र तान्ह्या मुलाला कधीच देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकतो, आणि अंगावर तीव्र इसब असलेल्या मुलाच्या बाबतीत आधी डॉक्टरांना विचारावे.)

बाजार काय मोजतो

आता पुन्हा किमतीकडे वळू. ८९० डॉलर हे पिठाचे नव्हते. प्रत्येक कॅप्सूलमध्ये प्रथिन नेमके तेवढेच आहे, याच्या हमीचे ते होते. चाचण्यांवर झालेल्या खर्चाचे होते, आणि मक्तेदारीचे तर होतेच. ही हमी निरर्थक म्हणता येणार नाही. १९९२ च्या त्या रुग्णाला हमी मिळाली असती, तर तो वाचला असता. प्रश्न एवढाच की, ती देण्याचा हा एकच मार्ग आहे काय? अमेरिकेतील औषधांचे मूल्यमापन करणाऱ्या एका स्वतंत्र संस्थेने २०१९ मध्येच म्हटले होते की, पदार्थ टाळण्यापेक्षा या औषधाने निव्वळ लाभ होतो असे ठरविण्यास पुरावा अपुरा आहे. नेस्ले कंपनीने २०२० मध्ये हे औषध बनविणारी कंपनी सुमारे २६० कोटी डॉलर मोजून घेतली, आणि खप अपेक्षेइतका न झाल्यामुळे २०२३ मध्ये ते औषध दुसऱ्या कंपनीस विकून टाकले. दुसरीकडे केंब्रिजच्या डॉक्टरांनी २०१४ मध्येच तपासून घेतलेल्या दाण्याच्या पिठावर चाचणी करून चांगले फळ मिळविले होते. साउदॅम्प्टनच्या नेतृत्वाखाली २०२२ पासून ब्रिटनमध्ये जी चाचणी हाती घेतली गेली, तिच्यात तर बाजारातील साधे दाणे आणि साधे दूधच मोजून वापरावयाचे ठरले. तिळाची ॲलर्जी असलेली आपली मुलगी २०१६ मध्ये गमावलेल्या एका दांपत्याने स्थापन केलेला न्यास तिच्यामागे उभा आहे. औषध कंपन्या असा खर्च करीत नाहीत, कारण साध्या दाण्याचे पेटंट कोणाला मिळणार?

आपल्याकडील परिस्थिती यापुढची आहे. मुंबईतील पी. व्ही. निफाडकर, एस. पी. पाटील आणि एम. एम. बापट या संशोधकांनी १९९२ मध्येच लिहून ठेवले की, भारतात ॲलर्जी आणणाऱ्या अन्नांत कडधान्यांचे स्थान सर्वांत महत्त्वाचे आहे. १९९७ मध्ये त्यांनी हरभऱ्यामुळे उद्भवलेल्या ॲनाफिलॅक्सिसची नोंद केली आणि २००१ मध्ये हरभरा हा या उपखंडातील एक प्रमुख ॲलर्जीकारक असल्याचे विस्ताराने दाखविले. हरभरा म्हणजे बेसन. बेसन म्हणजे खानदेशातील शेवभाजी, पातोडी, पिठले, भजी. पाश्चात्त्य देशांत हरभऱ्याची ॲलर्जी विरळा, म्हणून त्यावर कॅप्सूल नाही, पट्टी नाही, मोठी चाचणी नाही. एवढेच नव्हे, आपल्या स्वतःच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० च्या नियमांनुसार वेष्टनावर ज्या ॲलर्जीकारक पदार्थांची नोंद सक्तीची केली, त्यांत ग्लुटेनयुक्त धान्ये, दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, शेंगदाणे व कठीण कवचाची फळे, सोयाबीन आणि सल्फाइट आहेत, हरभरा नाही. यादी परदेशी आणि ताट देशी, असा हा प्रकार आहे.

दुसरे टोकही तितकेच घातक आहे. म्हैसूर व बंगळूर परिसरातील प्रौढांची जी पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्ध प्रतिपिंडे आढळली, पण खरी ॲलर्जी असण्याचा संभव १.२ टक्क्यांतच दिसला. म्हणजे नुसत्या रक्ततपासणीवर विसंबले, तर वीसपटीहून अधिक माणसे रोगी ठरतील. मोठ्या शहरातून हजारो रुपयांची तपासणी करून आणावयाची आणि त्या कागदावर लाल खूण असलेले पाच-सहा पदार्थ मुलाच्या ताटातून काढून टाकावयाचे, ही रीत आता तालुक्याच्या गावापर्यंत आली आहे. दाणे, डाळी, दूध हीच ज्या घरातील स्वस्त प्रथिने, तेथे असे केल्यास मुलाचे वजन घटेल. त्रासाची हकीकत नसेल, तर कागदावरील खुणेला अर्थ नाही.

सर्पदंशाची खोली

कोणी म्हणेल, नंदुरबार-धुळ्याच्या सातपुड्यात कुपोषण आहे, सिकलसेल आहे. तेथे या श्रीमंती आजाराची चर्चा कशाला? आक्षेप रास्त आहे, आणि मर्यादित साधनांचा विचार करणाऱ्याने तो टाळता कामा नये. म्हैसूरच्या मुलांत तर अन्नाच्या ॲलर्जीचे प्रमाण हजारी दीड इतकेच आढळले आहे. खास दवाखाने उघडा, असे येथे सुचवावयाचे नाही. परंतु या उपचाराला निर्धोक करणारी जी मुख्य वस्तू, ती आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या परिचयाची आहे, आणि तिच्यासाठी वेगळे अंदाजपत्रक लागत नाही.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषावर दिली जाणारी लस घोड्याच्या रक्तापासून बनते. ती देताना काही रुग्णांना ॲनाफिलॅक्सिस होतो. शेतात साप चावलेला मजूर आणला गेला की, लस लावताना ॲड्रेनलिन जवळ भरून ठेवावयाचे, हे तेथील डॉक्टरांना आणि परिचारिकांना शिकविलेले असते. श्रीलंकेतील चाचण्यांनी असे दाखविले आहे की, लशीपूर्वी त्वचेखाली अल्प ॲड्रेनलिन दिल्यास हा धोका बराच घटतो. हेच काही रुपयांचे इंजेक्शन दाण्याने वा बेसनाने श्वास कोंडलेल्या मुलाला वाचविते. ते मांडीच्या बाहेरील बाजूस स्नायूत द्यावयाचे, आणि पहिल्यांदा द्यावयाचे. घडते ते असे की, अंगावर गांधी दिसल्या म्हणजे आधी ॲव्हिल, मग डेक्सोना, मग सलाईन, आणि श्वास फारच लागला तर जिल्ह्याला पाठवणी. ॲव्हिलने खाज थांबते. कोसळलेला रक्तदाब वर येत नाही आणि सुजलेला घसा मोकळा होत नाही. साप चावल्यावर जे हात क्षणात ॲड्रेनलिनकडे जातात, ते शेव खाऊन आलेल्या मुलाच्या वेळी का थबकतात? रोग तोच आहे, औषधही तेच, फक्त त्याच्या आधी साप नाही.

संशोधनाचेही तसेच. जळगावचे तेलबिया संशोधन केंद्र खानदेशाबाहेर अनेकांना माहीत नसेल, परंतु तेथे परदेशी बियाण्यातून निवडलेला ‘जेएल-२४’, म्हणजेच ‘फुले प्रगती’ हा भुईमुगाचा वाण सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बाहेर पडला, देशभर पेरला गेला आणि आफ्रिकेतील मलावीतही ‘काकोमा’ या नावाने पोहोचला. ज्या गावाने जगाला दाणा दिला, त्या गावाला प्रमाणित दाण्याचे पीठ देता येऊ नये काय? एकाच वाणाचे, प्रथिन मोजलेले, बुरशीच्या अफ्लाटॉक्सिन विषापासून मुक्त असे पीठ. आणि तसेच हरभऱ्याचे. जळगावच्या विद्यापीठात रासायनिक तंत्रज्ञानाची संस्था आहे, शिरपूरला औषधनिर्माणशास्त्राचे महाविद्यालय आहे, धुळे व जळगाव येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. प्रत्येकाकडे कामाचा एक तुकडा आहे. कोणी एकत्र बसविले नाही, इतकेच.

हे लहान गावांना जमण्यासारखे नाही, असे म्हणणाऱ्यांनी महाडकडे पाहावे. कोकणात विंचूदंशाने माणसे मरत असता हिंमतराव बावस्कर या डॉक्टरांनी रक्तदाबावरील प्राझोसिन ही स्वस्त गोळी वापरून मृत्यू रोखले, आणि १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते काम छापले. विंचूदंशावर नवे औषध काढण्यात कोणत्याही कंपनीला स्वारस्य नव्हते, कारण विंचू ज्यांना चावतो त्यांच्याकडे पैसे नसतात. हरभऱ्याच्या ॲलर्जीची गत याहून निराळी नाही.

तोपर्यंत घरोघरी एक धोका वाढत आहे, त्याचा उल्लेख करणे भाग आहे. मोबाइलवर पाहून, रोज चिमूटभर कूट देत मुलाची सवय मोडण्याचे प्रयोग काही आईबाप करू लागले आहेत. चिमूट हे माप नव्हे. आईची चिमूट आणि बापाची चिमूट यांत कित्येक मिलिग्रॅमचे अंतर असते, भाजलेल्या दाण्याचे गुण उकडलेल्या दाण्यात नसतात, आणि दवाखान्यात अर्ध्या मिलिग्रॅमने जे सुरू करावे लागते, ते येथे शेकडो पटींनी मोठ्या मात्रेने सुरू होते. ज्या मुलाला दाण्याने वा बेसनाने एकदा जरी श्वासाचा त्रास झाला आहे, त्याच्या बाबतीत हा प्रयोग घरी करू नये. त्याच्या शाळेतील शिक्षकांना ते ठाऊक असावे, पोषण आहार शिजविणाऱ्या बाईंना ठाऊक असावे, आणि रात्री डॉक्टर असलेले जवळचे आरोग्य केंद्र कोणते व तेथे ॲड्रेनलिन मुदतीतले आहे किंवा कसे, हे पालकांनी आधीच जाऊन विचारून ठेवावे.